श्रवण, टिपण आणि अध्ययन : प्रस्तावना

१

वर्गात व्याख्यान चालू असता विद्यार्थ्याने वहीत टिपणे घ्यावीत काय, आणि घेतली तर त्यांचा ज्ञानार्जनास खरोखर उपयोग होतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतका सामान्य वाटतो की त्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहावी व तिला विस्तृत प्रस्तावना जोडावी, याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या कृतीत आपल्याकडील लक्षावधी मुलामुलींच्या विद्यार्थिदशेचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, जिच्यासाठी आईबाप दर जूनमध्ये वह्यांची चळत विकत आणतात, आणि जिच्यावर परीक्षेतील यशापयश अवलंबून आहे असे शिक्षक, पालक व विद्यार्थी हे तिघेही निःशंकपणे मानतात, त्या कृतीची चिकित्सा आपण जवळजवळ कधीच करीत नाही, ही गोष्ट त्याहून अधिक नवलाची आहे. अक्षर कसे वळवावे, समास किती सोडावा, शीर्षक कोठे लिहावे, हे शाळेत शिकवले जाते. ऐकता ऐकता काय लिहावे, काय सोडून द्यावे आणि लिहिलेल्याचे पुढे काय करावे, हे शिकवणारा तास मात्र ना शाळेच्या वेळापत्रकात असतो, ना महाविद्यालयाच्या.

ही पुस्तिका कुर्डुवाडीत लिहिली गेली, आणि तिच्यातील विचारावर या गावाच्या परिस्थितीचा ठसा आहे, तो कसा हे आरंभीच सांगितले पाहिजे. माढा तालुक्यातील हे गाव रेल्वेच्या जंक्शनामुळे वाढले. मुंबईहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या स्थानकापासून १८९७ साली बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस जाऊन पोहोचली. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात आली, आणि कालांतराने अरुंद रूळ जाऊन त्यांच्या जागी रुंद रूळ आले. रूळ बदलले, परंतु गाडीच्या वेळेवर दिवस बेतण्याची येथील रीत बदलली नाही. येथे शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या गाडीने किंवा एसटीने येतात, तासांना बसतात, आणि परतीची गाडी गाठण्यासाठी शेवटचा तास संपताच निघतात. संदर्भग्रंथ ग्रंथालयात राहतात, प्राध्यापक महाविद्यालयात राहतात. मुलाबरोबर घरी जाते ती वही. शेतातली कामे, जनावरांचे वैरणपाणी आणि घरची उस्तवार यांतून जो काही वेळ उरतो त्या वेळात त्या विषयाशी त्याची गाठ घालून देणारे दुसरे विश्वसनीय साधन त्याच्यापाशी बहुधा नसते. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे भरलेली आहेत आणि अडल्यास विचारण्यास जाणते माणूस आहे, त्याला टिपणे ही एक सोय आहे. माढा, करमाळा किंवा बार्शी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून येणाऱ्या मुलीला ती तिच्या शिक्षणाची सारी शिदोरी आहे. म्हणून वहीचा विचार पुण्या-मुंबईपेक्षा येथे अधिक गांभीर्याने व्हावयास हवा, अशी माझी श्रद्धा आहे.

२

श्रोत्याने ऐकलेले लिहून ठेवावे ही गोष्ट मराठी भाषेस मुळीच नवी नाही. किंबहुना आपल्या वाङ्मयाच्या पायाचे काही भक्कम चिरे अशाच लेखनाचे आहेत. श्रीचक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात राहून, ज्यांनी ज्यांनी स्वामींचे बोलणे ऐकले होते आणि वर्तन पाहिले होते त्यांच्याकडून आठवणी मिळवल्या, त्या आचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली असता अनुयायांनी ती स्मरणाच्या आधारे पुनः उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आणि उपलब्ध हस्तलिखितांत एकाच प्रसंगाविषयी निरनिराळ्या जाणकारांनी सांगितलेले भिन्न पाठ नोंदलेले आढळतात. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचे निरूपण केले, तेव्हा ते लिहून घेण्याचा मान सच्चिदानंदबाबांना मिळाला, हे तर ज्ञानेश्वरीच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे.

विसाव्या शतकातील उदाहरण याहूनही आपल्या विषयास जवळचे आहे. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती अठराही प्रवचने लिहून घेतली. आज घरोघरी वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती एका श्रोत्याच्या लेखणीमुळे. वक्त्याने लिहिले नाही आणि श्रोत्याने लिहिले, म्हणून विचार टिकला, याचे एवढे स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

परंतु या थोर उदाहरणांकडे पाहून ‘लिहून घेतल्याने ज्ञान येते’ असा निष्कर्ष जो काढील तो घाई करील. म्हाइंभट हे लिहिण्यास बसण्यापूर्वीच शास्त्रांत मुरलेले विद्वान होते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले, तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केलेले आणि गीतेशी आधीच परिचित असलेले गृहस्थ होते. विनोबांचे वाक्य कोणत्या दिशेने चालले आहे हे त्यांना वाक्य पुरे होण्यापूर्वी उमगत असले पाहिजे, एरवी बोलण्याच्या वेगाला हाताने गाठणे शक्यच नसते. दुसरे असे की, लीळाचरित्र हे लिहून होताच पोथीच्या बासनात बांधून ठेवले गेले नाही. ऐकणाऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या, वाद झाले, मतभेदांची नोंद झाली, आणि ज्या मंडळीने ही सारी रुजवात केली तिच्या मनात ते वचन इतके खोल उतरले की पोथी गेली तरी वचन गेले नाही. लिहिण्यापूर्वीची तयारी आणि लिहिल्यानंतरचा व्यासंग या दोहोंच्या मध्ये उभे राहिलेले ते टिपण होते. आणि आपल्या वर्गांतून आज जे हरवले आहे ते टिपण नसून त्याच्या अलीकडचे व पलीकडचे हे दोन काठ आहेत, हेच या पुस्तिकेचे मुख्य प्रतिपादन आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास घातला आहे, आणि त्यात अक्षराची ठेवण, ओळींतील अंतर, कागद, शाई व लेखण्या यांविषयी ते अतिशय बारकाईने बोलतात. लेखनाची एवढी आस्था बाळगणाऱ्या त्याच ग्रंथकाराने श्रवणावर आणि ऐकलेल्याच्या मननावर अनेक समास खर्ची घातले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथून जवळच असलेल्या पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी तर कीर्तनात वही उघडून बसतच नाही. तरीही शेकडो अभंग त्याच्या मुखी असतात, कारण ऐकलेला अभंग तो दिंडीत, भजनात, पहाटेच्या काकड्यात पुनःपुन्हा स्वतःच्या स्मरणातून बाहेर काढीत असतो. स्मृती बळावते ती आवर्तनाने, हे आपल्या पूर्वजांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

३

मग आपल्या महाविद्यालयांतील वर्गात टिपणाचे रूपांतर नकलेत कसे झाले, याचा थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. हा रोग केवळ आपला नाही. युरोपात मुद्रणकलेपूर्वी ग्रंथ अतिशय महाग असल्यामुळे विद्यापीठांतील आचार्य सावकाश सांगत आणि विद्यार्थी शब्दशः उतरवून घेत, व अशा रीतीने गरीब विद्यार्थ्याला ग्रंथ मिळे. १३५५ साली पॅरिस विद्यापीठाच्या कलाशाखेने या प्रथेविरुद्ध नियमच केला : आचार्यांनी विद्यार्थ्यांना लिहून घेता येईल अशा संथ गतीने न सांगता ओघात बोलावे, आणि या नियमास आरडाओरडा करून, शिट्ट्या मारून किंवा दगड फेकून जे विरोध करतील त्यांना शासन व्हावे. विद्यार्थी या सुधारणेविरुद्ध दगड हाती घेतील अशी भीती अधिकाऱ्यांना वाटावी, यावरून ‘सांगा, आम्ही लिहून घेतो’ ही वृत्ती किती जुनी आणि किती चिवट आहे हे दिसते. आणि तिच्या मुळाशी आळस नसून ग्रंथांचे दुर्भिक्ष होते, हेही दिसते.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षण इंग्रजी भाषेतून आणि परीक्षेच्या धाकाखाली सुरू झाले. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली निघाले, तेव्हा हा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होता. पुढे तो पुणे विद्यापीठाकडे, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापुराकडे, आणि २००४ साली सोलापूर विद्यापीठ निघाल्यावर स्वतःच्या विद्यापीठाकडे आला. अधिकारक्षेत्रे बदलत गेली, अभ्यासक्रम बदलले, वार्षिक परीक्षेच्या जागी सत्रपरीक्षा आल्या. वर्गातील एक दृश्य मात्र पालटले नाही. प्राध्यापक हाती पिवळी पडलेली वही घेऊन एकेक वाक्य दोनदा उच्चारतात, साठ-सत्तर माना खाली वाकतात, पेन चालू राहतात, आणि घंटा झाल्यावर सांगणारा व लिहिणारा या दोघांच्याही मनावर ओरखडा न उमटता मजकूर एका वहीतून साठ-सत्तर वह्यांत गेलेला असतो.

या दृश्याची निंदा करणे सोपे आहे, पण त्याची कारणे समजून घेणे अधिक न्यायाचे आहे. मराठी माध्यमातून दहावी-बारावीपर्यंत आलेला मुलगा एकदम इंग्रजी व्याख्यानासमोर बसतो, तेव्हा त्याच्या मनाला एकाच वेळी परकी भाषा उलगडणे, नवा विषय समजून घेणे आणि हाताने लिहिणे अशी तीन कामे करावी लागतात. माणसाच्या चालू अवधानाची झेप मर्यादित असते. तीनांपैकी एक काम सुटणारच, आणि सुटते ते बहुधा समजून घेण्याचे, कारण हाताने लिहिलेले वहीत दिसते व मनाला न समजलेले कोठेच दिसत नाही. प्राध्यापकही हे जाणून असतात. चांगले मराठी क्रमिक पुस्तक नाही, ग्रंथालयातील प्रती अपुऱ्या आहेत, मुलांना परीक्षा द्यावयाची आहे, अशा स्थितीत निदान वहीत चार परिच्छेद शुद्ध असावेत एवढ्या करुणेपोटी कित्येक सज्जन शिक्षकांनी मजकूर सांगण्याचा मार्ग पत्करला. त्या करुणेविषयी मला आदर आहे. परंतु ज्या दुर्भिक्षावर तो उतारा होता त्याचे स्वरूप आता बदलले आहे : बाजारात गाइडे व अपेक्षित प्रश्नसंच मिळतात, मागील वर्षीच्या वहीच्या झेरॉक्स प्रती मिळतात, मोबाइलवर पीडीएफ येते. मजकुराचा तुटवडा संपला असता मजकूर उतरवून घेण्यातच तास घालवणे, याला आता कोणतेही समर्थन उरलेले नाही.

४

आता प्रयोगसिद्ध पुराव्याकडे वळू. गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे, आणि त्याचा निष्कर्ष टिपणांच्या भक्तांनाही पूर्णपणे अनुकूल नाही व निंदकांनाही नाही.

१९७२ साली डी व्हेस्टा आणि ग्रे या दोघा संशोधकांनी टिपणाची दोन कार्ये वेगळी करून दाखवली, आणि तेव्हापासून सारी चर्चा त्या विभागणीवर चालते. पहिले कार्य लिहीत असतानाचे : लिहावयाचे म्हणून विद्यार्थी लक्ष देतो, निवड करतो, आपल्या शब्दांत मांडतो, आणि त्यामुळे विषय मनात ठसतो. दुसरे कार्य लिहून झाल्यानंतरचे : वही ही स्मृतीबाहेरची कोठी होते आणि तिच्याकडे परत जाता येते. पुढील पन्नास वर्षांत या दोहोंचे माप घेतले गेले तेव्हा असे दिसून आले की, केवळ लिहिण्याच्या क्रियेमुळे होणारा लाभ खरा आहे, पण लहान आहे, आणि कित्येक प्रयोगांत तो आढळतही नाही. उलट लिहिलेले पुनः हाताळल्याने होणारा लाभ पुष्कळ मोठा आहे. वही भरली आणि मिटली, तर तिच्यावर घालवलेल्या श्रमांपैकी फार थोडे पदरी पडतात.

१९७० साली मायकेल हाउ यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा ऐकवला, त्यांची टिपणे पाहिली आणि आठवड्याने त्यांना काय आठवते ते तपासले. जी गोष्ट टिपणात होती ती आठवण्याचा संभव शेकडा ३४ होता. जी टिपणात नव्हती ती आठवण्याचा संभव शेकडा ५ च्या आसपास होता. या अंकांनी टिपणाचा जयजयकार करावासा वाटेल, परंतु सावध वाचकाने येथे थांबून विचार करावा. ज्या गोष्टीचे महत्त्व विद्यार्थ्याला ऐकतानाच पटते तीच तो लिहितो, आणि जिचे महत्त्व पटले ती लिहिली नसती तरी काही अंशी आठवलीच असती; तेव्हा हा फरक सर्वस्वी लेखणीच्या खात्यावर टाकता येत नाही. त्या अंकांतून निश्चितपणे निघते ते एवढेच, की जे सुटले ते बहुधा कायमचे सुटले. आणि सुटते ते थोडेथोडके नसते. वक्ता मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो; हात वीस-पंचवीस शब्दांच्या पलीकडे फारसा जात नाही. बोरू न उचलता वेगाने लिहिता यावे म्हणून मोडी लिपी शतकानुशतके चालवणाऱ्या आपल्या चिटणिसांनाही वाणीची बरोबरी साधत नसे. मग आजचा बाळबोध लिहिणारा विद्यार्थी सारे उतरवू पाहील तर निराशच होणार. निवड ही टाळता येण्यासारखी गोष्टच नाही. ती डोळसपणे करावयाची की हात थकेल तेथे आपोआप होऊ द्यावयाची, एवढेच काय ते आपल्या स्वाधीन आहे.

तिसरा पुरावा विस्मरणाचा व आवर्तनाचा. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, नुकत्याच पाठ केलेल्या गोष्टीचे विस्मरण पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने होते आणि पुढे ते मंदावते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी यांनी याला एक महत्त्वाची जोड दिली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुनः वाचला. दुसऱ्याने पुनः न वाचता तो मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनः वाचणारे सरस ठरले, शेकडा ८१ विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले : पुनः वाचणाऱ्यांना शेकडा ४२ आठवत होते, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वही दहा वेळा वाचून ‘आता सगळे येते’ असे वाटणाऱ्या आणि महिन्याभरात सारे विसरणाऱ्या विद्यार्थ्याचे रहस्य या चार अंकांत आहे. वाचताना जी सुगमता वाटते तिला तो ज्ञान समजतो. आठवताना जो त्रास होतो तो ज्ञानाचा खरा व्यायाम असतो.

हाताने लिहावे की यंत्रावर, या वादाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी अधिक शब्दशः लिहितात व संकल्पनाविषयक प्रश्नांत मागे पडतात, असा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे २०१९ व २०२१ साली इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुनः केला; यंत्रावर शब्दशः लिहिण्याची प्रवृत्ती त्यांना आढळली, परंतु परीक्षेतील फरक तसा स्पष्ट आढळला नाही. तेव्हा पेनाचा महिमा गाताना हात आखडता घ्यावा हे बरे. फळ्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून घेणाऱ्या मुलांविषयी मात्र मला चिंता वाटते, आणि तिचे कारण यंत्र हे नाही : छायाचित्र काढताना निवड करावी लागत नाही, शब्द जुळवावे लागत नाहीत, आणि काढलेले छायाचित्र पुनः उघडले जाईल याचीही शाश्वती नसते, म्हणजे टिपणाची दोन्ही कार्ये एकदमच बुडतात.

५

या साऱ्या पुराव्यातून विद्यार्थ्याने आचरावयाची पद्धत कोणती निघते, ते पुस्तिकेत सविस्तर सांगितले आहे. येथे तिचे मर्म तेवढे सांगतो. कुर्डुवाडी-बार्शीच्या पेठेत जुन्या हिशेबाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना कीर्द आणि खतावणी यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नाही. दिवसभरात जसजसा व्यवहार घडेल तसतशी त्याची नोंद कीर्दीत होते, तिच्यात क्रम काळाचा असतो. आणि दिवे लागल्यावर मुनीम त्याच नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडतो, तेव्हा कोणाचे किती येणे व कोणाचे किती देणे हे कळते. कीर्द लिहिली आणि खतावणी केलीच नाही, तर दुकानदाराजवळ कागद असतील, पण त्याला आपल्या धंद्याची स्थिती ठाऊक नसेल. वर्गातले टिपण ही कीर्द होय. ते घाईचे, तुटक, खुणांनी भरलेले असले तरी चालेल. किंबहुना तसेच असावे, म्हणजे लक्ष वक्त्याकडे राहील. परंतु त्याच दिवशी, विस्मरणाने आपले काम उरकण्यापूर्वी, त्याची खतावणी झाली पाहिजे : आज सांगितलेला मुद्दा मागच्या कोणत्या मुद्द्याच्या खात्यावर जातो, कोणते उदाहरण कोणत्या नियमाचे, कोणती शंका अजून येणे आहे, हे स्वतःच्या मराठीत मांडले पाहिजे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी वहीच्या पानाची जी रचना सुचवली आणि १९६२ च्या आपल्या पुस्तकात प्रसिद्ध केली, तीत उजवीकडे टिपण, डावीकडच्या अरुंद रकान्यात नंतर लिहावयाचे प्रश्न व संकेत, आणि तळाशी थोडक्यात सार अशी विभागणी आहे. टिपण झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे आठवणीने देणे, हे तिचे खरे सामर्थ्य.

परतीच्या गाडीतला वेळ या कामास अतिशय योग्य आहे. मोडनिंबकडे किंवा बार्शीकडे जाणाऱ्या दोन मैत्रिणींनी वह्या मिटून एकमेकींना विचारावे : आज सरांनी तीन कारणे सांगितली, ती कोणती? एकीला दोन आठवतील, दुसरीला तिसरे. मग वही उघडून ताडून पाहावे. याला खर्च नाही, वीज लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. लीळाचरित्र ज्या रीतीने सिद्ध झाले तीच ही रीत आहे, आणि ती गरिबातल्या गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. व्याख्यान इंग्रजीत असले तरी टिपण मराठीत घेण्यास कोणीही संकोच करू नये. पारिभाषिक शब्द जसाच्या तसा ठेवावा आणि विचार आपल्या भाषेत लिहावा. ज्याला मुद्दा मराठीत मांडता आला त्याला तो समजला. ज्याने इंग्रजी वाक्य अर्थावाचून उतरवले त्याच्यापाशी अक्षरे आली, विचार आला नाही. परीक्षेसाठी इंग्रजीत लिहिण्याचा सराव वेगळा करता येतो, आणि समजलेल्या गोष्टीबाबत तो सराव सोपाही जातो.

काही शिक्षणाला टिपणाची गरज थोडीच असते, हेही मान्य केले पाहिजे. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात कामगारांच्या पिढ्यांनी जे कौशल्य मिळवले ते हत्यार हाती धरून, जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून. तेथे लिहिण्यात गुंतलेला हात शिकण्याच्या कामी आला नसता. गणिताच्या तासाला एखादे प्रमेय उलगडत असताना पेन खाली ठेवून केवळ पाहणे कित्येकदा अधिक हिताचे ठरते. कोठे लिहावे आणि कोठे लिहू नये, हा विवेकही शिकवावा लागतो.

६

तो कोणी शिकवावा? येथे मी शिक्षकबंधूंना व भगिनींना उद्देशून बोलतो. विद्यार्थ्याची वही ही शिक्षकाच्या व्याख्यानाची प्रकृती दाखवते. जो प्राध्यापक आरंभी आजच्या तासाचा प्रश्न फळ्यावर मांडतो, मुद्दा पालटताना तसे स्पष्ट सांगतो, दर पंधरा मिनिटांनी थांबून दोन मिनिटे मुलांना लिहिण्यास व एकमेकांना विचारण्यास देतो, त्याच्या वर्गातील साधारण विद्यार्थ्याचीही वही सुसंगत होते. ज्या मजकुराची शब्दशः प्रत हवीच असेल, उदाहरणार्थ व्याख्या, सूत्रे, कलमे, तो छापून आधी हाती द्यावा. त्यामुळे तास मोकळा होतो आणि समजावून सांगण्यास उरतो. आठवड्यातून एकदा वह्या मिटून ‘आठवेल ते लिहा’ असे सांगावे, आणि त्याला गुण देऊ नयेत, म्हणजे भीती वाटणार नाही. यांपैकी कशालाही शासनाच्या मंजुरीची किंवा अनुदानाची आवश्यकता नाही.

परीक्षकांचीही यात जबाबदारी आहे. सांगितलेला मजकूर जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत उतरवणाऱ्यास जोवर अधिक गुण मिळतात आणि आपल्या शब्दांत लिहिणारा जोवर मागे पडतो, तोवर विद्यार्थ्याला नक्कल सोडण्याचा उपदेश करणे निष्फळ आहे. मुले नकलेच्या मागे लागतात ती अविचाराने नव्हे. आपण ज्या गोष्टीला दाम देतो ती गोष्ट ती पुरवतात. वर्गातील टिपण सुधारावयाचे असेल तर प्रश्नपत्रिकेपासून आरंभ करावा लागेल, हे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी ध्यानी घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुस्तिकेच्या पहिल्या भागात श्रवणाची तयारी कशी करावी, दुसऱ्यात वर्गात काय टिपावे व काय सोडावे, तिसऱ्यात टिपणाची खतावणी व आवर्तन कसे करावे, आणि चौथ्यात शिक्षकांसाठी सूचना, असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी करून पाहण्याजोगे अभ्यास दिले आहेत. ते न करता केवळ वाचून पुस्तिका बाजूला ठेवणाऱ्याला तिच्यापासून काही लाभ होईल असे मला वाटत नाही, कारण पुस्तिकेचा सारा उपदेशच तो आहे.

टिपणे घेतल्याने विद्यार्थी शिकतो काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे : घेतल्याने थोडेसे, आणि घेतलेल्याकडे पुनः पुनः जाऊन ते न पाहता आठवल्याने पुष्कळ. हे उत्तर मुलांना पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच सांगितले गेले पाहिजे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते स्वतःच्या अनुभवाने कळते, तेव्हा त्याचा उपयोग करण्यास वेळ उरलेला नसतो. ज्या प्राचार्यांना हे पटेल त्यांनी येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या वर्गासाठी, नियमित तास सुरू होण्यापूर्वी, ऐकणे व टिपणे शिकवण्याकरिता दोन दिवस राखून ठेवावेत. एवढे झाले तर या पुस्तिकेचे कार्य झाले.

कुर्डुवाडी